आईचा फराळ आणि भाच्याचा पेशीचा धडा

माझा भाचा आठवीत आहे, दिवाळीच्या आधी काही दिवस आमच्याकडे राहायला होता आणि त्याची विज्ञानाची टेस्ट होती, धडा पेशी आणि पेशीअंगकं, म्हणजे पेशीच्या आतले वेगवेगळी कामं करणारे छोटे भाग. पहिल्या दिवशी विचारलं, तंतुकणिका म्हणजे काय रे? एका दमात उत्तर, "पेशीचे ऊर्जाकेंद्र." बरं, मग ती करते काय? गप्प. गॉल्जी पिंड, लयकारिका, सगळ्यांचं तेच, एक ओळ पाठ आणि पुढे काहीच नाही. मी दोन दिवस कारखान्याचं उदाहरण देत बसले, मॅनेजर, पॉवर हाऊस वगैरे, पण त्याने कारखाना आतून कधी बघितलेलाच नाही, मग पेशी काय नि कारखाना काय, दोन्ही त्याला सारखेच परके.

आमची आई दर दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेते. तिसऱ्या दिवशी हा गरम चकली उचलायला स्वयंपाकघरात गेला आणि मला वाटलं, अरे इथेच तर आहे सगळं.

आईकडे आजीची जुनी वही आहे, सगळी प्रमाणं त्यात. ती वही कपाटातून बाहेर येत नाही, तेलाचे हात लागतात म्हणून. ज्या दिवशी जो पदार्थ, तेवढंच प्रमाण आई चिठ्ठीवर उतरवते आणि चिठ्ठी ओट्यावर. त्या दिवशीची भाजणीची चिठ्ठी पिठाने माखून संध्याकाळपर्यंत फाटली होती, ती मी त्याच्या हातात दिली. म्हटलं, पेशीचं केंद्रक म्हणजे आईचं कपाट, त्यातला डीएनए म्हणजे ती वही, आणि लागेल तेवढ्याच भागाची नक्कल घेऊन बाहेर येतो तो आरएनए, काम झालं की चिठ्ठी गेली तरी चालते, वही शाबूत. सोऱ्या घेऊन बसलेल्या मावश्या म्हणजे रायबोसोम, चिठ्ठीबरहुकूम प्रथिनं पाडणाऱ्या. काही ओट्याला चिकटून उभ्या, तो ओटा म्हणजे खडबडीत आंतर्द्रव्यजालिका, रायबोसोम चिकटलेलं पेशीतलं पडद्यांचं जाळं, काही जमिनीवर बसून, तसे पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीत भरलेल्या द्रवात, सुटे रायबोसोमही असतात.

हॉलमध्ये बाबा वजन करून पिशव्या भरतात, लेबल लावतात, कुठली कोणाकडे ते ठरवतात, ते गॉल्जी पिंड, तयार प्रथिनं बांधून योग्य जागी पाठवणारं. हे असं कसलं नाव, म्हणाला, तर सांगितलं की आडनाव आहे ते, कॅमिलो गॉल्जी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाला १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत हे दिसलं. हे मात्र त्याच्या पक्कं डोक्यात बसलं.

लयकारिका आईनेच शिकवली खरं तर. मोडका लाडू टाकायचा नाही, चुरायचा आणि परत वळायचा, असं ती सहज बोलून गेली. जुनी निकामी अंगकं फोडून त्यातला माल पेशी परत वापरते ते हेच.

सगळ्यात जास्त वेळ तंतुकणिकेला गेला. तो म्हणाला ती सिलिंडर. मी म्हटलं नाही, सिलिंडरमधला गॅस म्हणजे ग्लुकोजसारखं इंधन, तंतुकणिका म्हणजे शेगडी. पण शेगडीची आच तिथल्या तिथे वापरावी लागते आणि तंतुकणिका ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरून देते, चार्ज केलेल्या छोट्या बॅटऱ्यांसारखी, कुठेही नेऊन वापरा. आणि या शेगडीकडे स्वतःची छोटी वही पण असते, वेगळा डीएनए, तो आपल्याला आईकडून मिळतो. भाचा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, म्हणजे माझी शेगडी आजीकडून आलीये? हो रे बाबा, आजीकडून आईकडे, आईकडून तुझ्याकडे. इथे फराळाचं उदाहरण थांबतं हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं, कारण एका स्वयंपाकघराची आपोआप दोन स्वयंपाकघरं होत नाहीत, पेशीची होतात. उदाहरण कुठे संपतं ते सांगितलं नाही तर मुलं तेच खरं धरून बसतात असं मला मनापासून वाटतं.

टेस्ट बरी गेली. नंतर एका मैत्रिणीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्याला नेलं, कांद्याचा पातळ पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब, आणि मायक्रोस्कोपखाली विटा रचल्यासारख्या पेशी, प्रत्येकीत एक पिवळट गोल केंद्रक. कितीतरी वेळ त्याने डोळा काढला नाही. मग म्हणाला, मावशी, वही दिसली पण शेगड्या कुठेत? मैत्रिणीने सांगितलं त्या फार बारीक, त्यांना जानस ग्रीन नावाचा वेगळा रंग लागतो. आणि हरितलवकं, उजेडात अन्न बनवणारी ती हिरवी अंगकं? कांदा जमिनीखाली वाढतो, उजेडच नाही, म्हणून या पापुद्र्यात नाहीत. मग पातीत असतील, हे तो स्वतःच म्हणाला.

येताना मंडईत थांबायला लावलं आणि पातीच्या कांद्याची जुडी घेतली त्याने.