बुवांच्या वहीतला समास

भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरातला दोन रात्रींचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडकडे निघाली, त्या पहाटे मी आयुष्यात प्रथमच एका दिंडीत पाऊल टाकले. आई जाऊन चार महिने झाले होते. त्या काळात प्रवचनांची पुस्तके पुष्कळ वाचली, पण त्यांतले महाराज पहिल्या पानापासूनच शांत आणि निःशंक असत. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्यावर खेकसलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्यापाशी बसायला जागा दिसेना.

हडपसरला आमच्या दिंडीचे वृद्ध कीर्तनकार ओळ मोडणाऱ्या एका पोरावर फार जोराने ओरडले. पुढे उरुळी देवाचीच्या विसाव्यात त्यांनी पडशीतून कीर्तनाच्या टिपणांची वही काढून सहज माझ्या हाती दिली. निरूपण सुवाच्य होते, पण मी समासातल्या बारीक नोंदींवरच खिळलो: ‘आज गर्दी पाहून बोललो, विठोबा आठवला नाही.’ ‘दुपारी सुनेला टाकून बोललो, रात्री क्षमेवर निरूपण केले.’

“बुवा, हे कोणी वाचले तर?” मी विचारले.

“माउली, तुकोबारायांनी कुठे लपवले?” ते म्हणाले.

ते खरेच होते. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात द्रव्य आटले, मान गेला, एक बायको अन्न अन्न करीत मेली, धंद्यात तूट आल्याची लाज वाटली, हे सारे तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर एकादशीला कीर्तन करू लागलो तेव्हा आधी चित्त अभ्यासात नव्हते, म्हणून संतांची काही वचने पाठ केली, हेही त्यांनी तिथेच नोंदवले आहे. ‘मी पामर’ असे प्रस्तावनेत कोणीही लिहितो, आणि त्यात लिहिणाऱ्याचे काही जात नाही. नेमकी चूक, नेमका दिवस आणि दुखावलेले माणूस कागदावर आले, म्हणजे मात्र मला त्या लेखकाच्या देवाविषयीच्या शब्दांवरही विश्वास ठेवावासा वाटतो.

दिवेघाट चढताना मी बुवांना आईविषयी सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या चालीने चालत राहिले.

रात्री सासवडला तंबूत त्यांनी समासात लिहिले: ‘हडपसरला पोरावर ओरडलो.’ मग बॅटरी घेऊन ते त्याला शोधायला गेले. परत आले तेव्हा म्हणाले, “झोपलाय.” वही त्यांनी उघडीच ठेवली.