नोड्यूलच्या मायक्रोस्कोपवर कार्बन फायबर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींकडून हा प्रश्न हमखास येतो: एकाच साच्यातल्या दोन कार्बन फायबर प्लेटा, एक टेस्टला पास, दुसरी फेल. आमच्याकडे एस.जी. आयर्नचे (एका प्रकारच्या बिडाचे) नोड्यूल, म्हणजे त्यातल्या ग्रॅफाइटच्या गोळ्या, मोजायचा मायक्रोस्कोप आहे, त्यावर कारण कळेल का?

बरंचसं कळेल. सीटी स्कॅनच्या मागं लगेच लागू नका. तंतू साधारण ७ मायक्रॉनचा. तो सुटा दिसेल असं स्कॅन केलं तर दोनेक मिलिमीटरचाच तुकडा बघून होतो. त्यात तंतूंचा कार्बन आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन एक्स-रेला जवळजवळ सारखेच.

घोळ होतो तो पॉलिशिंगला, लोखंडाच्या सवयीनं. बेकेलाइटची गरम प्रेस वापरू नका, उष्णतेनं आणि दाबानं तुकडा तडकतो. थंड इपॉक्सीत माउंट करा. पाणी सोडत ३२०, ६००, १२०० चा पेपर, मग ३ आणि १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट. नायटल (लोखंडाला लावतो ते आम्ल) लागत नाही. बफवर जास्त वेळ धरलंत तर मऊ रेझिन खाली जातं, तंतूच्या कडा गोल होतात. उपटलेल्या तंतूचा खड्डाही काळाच दिसतो आणि सॉफ्टवेअर त्याला बिनदिक्कत पोकळी म्हणून मोजतं. शंका आली की पुन्हा घासून बघा: खड्डे जागा बदलतात, खरी पोकळी सहसा तिथंच असते.

थ्रेशोल्डला जपा, म्हणजे सॉफ्टवेअर किती उजळ भागाला तंतू धरतं त्या मर्यादेला. कडा दोन्ही बाजूंनी ०.२ मायक्रॉन फुगली की ७ चे ७.४ होतात आणि फोटोत ५५ टक्के जागा व्यापणारं फायबर ६१ च्या पुढं दिसतं. म्हणून सगळ्या फोटोंना उजेड आणि सेटिंग एकच ठेवा. फोटोही एक नको. जाडीभर, काठापासून मधापर्यंत वीसेक घ्या. दोन्ही प्लेटांची सरासरी ५५ च येईल, पण एकीत खिडक्या (फोटोतले छोटे चौकोन) ५० ते ६० आणि दुसरीत ३५ ते ७० असतील, तर दुसरीत रेझिनची तळी साचली आहेत.

तंतू वाकडे आहेत का, हे बघायला काप तंतूंशी ५ अंशांत घ्या. ७ मायक्रॉनचं वर्तुळ ८० मायक्रॉन लांब दिसतं. ६ अंशांत ६७. एका अंशाचा फरक असा फूटपट्टीनं मोजता येतो, आणि दाबाखालची ताकद त्या एका अंशानंही उतरते.

पोकळ्या थरांच्या मध्ये चपट्या असतील तर बहुधा लेअप करताना, म्हणजे थर रचताना, हवा अडकली. रेझिनमध्ये बारीक गोल असतील तर ओलाव्यावर संशय घ्या. जुलैत उणे १८ अंशांतून काढलेला प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं फायबरचं कापड) खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी फोडायची नाही, नाहीतर त्यावर दव धरतं. आणि थरांतली हवा ओढून काढणाऱ्या व्हॅक्यूमचा गेज बघा: कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथं ०.९५ बारच्या आसपासच काटा थांबायला हवा. १ दाखवत असेल तर गेज बदला.