लक्ष द्यायला शिकवताना

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीला बसलेल्या पाचवीतल्या पुतणीला आज तासाभरात मी निदान दहा वेळा ‘लक्ष दे’ म्हणाले. पण ते द्यायचे कसे, हे तिला आमच्यापैकी कोणीच कधी शिकवलेले नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. मग मी फोन आतल्या खोलीत ठेवला, टेबलावर एकच वही राहू दिली आणि तिला सांगितले, की दहा मिनिटे फक्त हे एक गणित करायचे आणि मन भरकटले, तर स्वतःवर न रागावता पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे. सुरुवातीला ती पेन्सिलीचे टोक चाचपत राहिली, दोनदा तिने खिडकीतून अजिंक्यतारा किल्ल्याकडे पाहिले. तिसऱ्यांदा मात्र मान वर होता होताच थांबली आणि बोट आपणहून ओळीवर परत आले. मला त्या परतण्याचेच अप्रूप वाटले.

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या १७व्या वर्षी, कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या, तिरंदाजीत जगज्जेती झाली. या प्रकारात ५० मीटरवरच्या लक्ष्यातले १० गुणांचे वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचे असते, आणि अंतिम लढतीत तिने १५० पैकी १४९ गुण मिळवले. अशी एकाग्रता वर्षानुवर्षांच्या सरावाने येते हे मान्य करणारे आपण, अभ्यासाच्या बाबतीत ती मुलांमध्ये उपजतच असावी असे का धरून चालतो? शिवाय मूल रमले की ‘आधी दूध पिऊन घे’ अशी हाक मारणारेही आपणच असतो.

उद्याही आम्ही दहाच मिनिटे बसणार आहोत. त्याची पंधरा करण्याची घाई मी करणार नाही.