ब्लाइथबर्गचे देवदूत बघायला जाताय? डार्शमहून चालत जाऊ नका

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या ब्लाइथबर्गचं होली ट्रिनिटी चर्च बघायचं असेल तर आधी एवढं वाचा. गावाचा उच्चार ‘ब्लायबरा’. डार्शम स्टेशनवर उतरायचं आणि ए१२ हा मोठा रस्ता धरून सरळ चालत जायचं, ‘आठेक किलोमीटर, सपाट रस्ता’, असं मला सांगितलं होतं. अंतर खरं आहे, चढही फारसा नाही. पण फूटपाथ मध्येच संपतो आणि मग पांढऱ्या पट्टीच्या आत तुम्ही आणि बाहेर ट्रक. समोरून ट्रक आला की दर वेळी मी खाजऱ्या झुडपात पाय घालून उभा राहत होतो. वर पावसाची भुरभुर. दोन तास लागले, त्यातला एक क्षणही आजूबाजूला बघता आलं नाही. मी सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलोय, तंगडतोडीची मला भीती नाही. हा रस्ता चालायचा नाहीच.

आत पाऊल टाकलं आणि पायांचा विसर पडला. पांढऱ्या भिंती, विटांची जमीन, साध्या काचेतून येणारा दलदलीवरचा उजेड. वर दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्यांची रांग आणि त्यांच्यावर लाकडी छत. छताच्या मध्यावर पंख पसरलेले देवदूत. दुर्बीण न्याच. नुसत्या डोळ्यांना ते करड्या ठिपक्यांसारखे दिसतात. दुर्बिणीतून पंखांवरचा झिजलेला रंग दिसतो, तुळयांवरची लाल-हिरवी फुलंही. हा मूळचा रंग आहे, नंतर कुणी त्यावर कुंचला फिरवलेला नाही.

याच देवदूतांबद्दल मी कित्येक वर्षं चुकीची गोष्ट खरी मानत होतो. १६४४च्या ९ एप्रिलला विल्यम डाउझिंग हा चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना पाप मानणारा कट्टर ख्रिस्ती ती फोडायला इथे आला होता, आणि त्याच्या माणसांनी छताकडे बंदुका झाडल्या, अशी ती गोष्ट. डाउझिंग आला होता हे खरंच. वीस देवदूत खाली काढा आणि आणखी दोनशेहून जास्त चित्रं आठ दिवसांत हटवा, असा हुकूम त्याने दिल्याचं त्याच्याच रोजनिशीत आहे. पण विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत लाकडात जे छर्रे सापडले ते अठराव्या शतकातले निघाले. चर्चच्या हिशेबात १७६१ साली डोमकावळे मारण्यासाठी दारूगोळ्याचा खर्च नोंदलेला आहे. म्हणजे नेम कावळ्यांवर होता, लागले देवदूतांना.

उत्तरेच्या दारावरचे जळके डाग सगळेच बघतात. १५७७च्या ४ ऑगस्टला भर प्रार्थनेत वादळ झालं, मनोऱ्याचं टोक छतातून खाली कोसळलं, एक माणूस आणि एक मुलगा गेला. त्या वादळात सैतानी काळा कुत्रा आला होता आणि डाग त्याच्या पंज्याचे, असं म्हणतात. बघा, पण तिथे रेंगाळू नका. तो वेळ बाकांना द्या.

बाकांच्या टोकांवर गुडघ्याएवढी माणसं कोरली आहेत, एकेका दुर्गुणाचा एकेक माणूस. आळस अंथरुणात बसलाय. खादाडपणाचा हात सुटलेल्या पोटावर. चहाडखोराची जीभ बाहेर. चेहरे झिजलेत, पण उजेड बाजूने पडला की ओळखू येतात, म्हणून सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. मग वेदीजवळच्या लाकडी बैठकांपाशी ओणवं व्हा. स्टॉकहोमच्या डर्क नावाच्या पोराने १६६५ साली तिथे आपलं नाव कोरलंय. अक्षरं खोल आणि नीट आहेत, त्याला भरपूर वेळ मिळाला असणार. माझी दहा मिनिटं त्यातच गेली.

प्रवेशाला पैसे नाहीत, पण पेटीत घसघशीत टाका. १८८१ साली हे चर्च धोकादायक म्हणून बंद करावं लागलं होतं, इतकं ते खचलं होतं. एवढं छत सांभाळायला काय लागत असेल!

परतताना एका टॅक्सीवाल्याने स्टेशनपर्यंतचे चाळीस पाउंड सांगितले. आठ किलोमीटरला! मी सरळ नाही म्हटलं आणि वेनहॅस्टनमार्गे हेल्सवर्थ स्टेशनला चालत निघालो. अंतर जवळपास तेवढंच, पण आडवाटेच्या गल्ल्या, त्यामुळे जातानाही हीच वाट धरा.

वाटेत वेनहॅस्टनच्या चर्चमध्ये अर्धा तास थांबा. १५००च्या सुमाराचं, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं कयामतीच्या दिवसाचं चित्र तिथे आहे. वर चुना फासलेल्या त्या फळ्या १८९२ साली काढून आवारात टाकल्या होत्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि खालची माणसं, सैतान, सगळे वर आले. मध्ये क्रुसाच्या आणि दोन माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा दिसतील. तिथे कोरीव मूर्ती उभ्या होत्या, म्हणून चित्रकाराने तेवढं रंगवलंच नव्हतं.