सुरमई नको, बांगडा घे

काल बुधवार, त्यामुळे सकाळपासून डोक्यात मासेच होते. साडेबाराला काम जरा हातावेगळं झालं तसा उठलो आणि थेट लालबागला आमच्या खानावळीत. आमची म्हणजे बाबा जिथे जेवायचे ती. गल्लीत आत आहे, सहा टेबलं, स्टीलची ताटं, वर गरगरणारे दोन पंखे आणि गल्ल्यामागे एक पांढरा बोर्ड, त्याच्यावर त्या दिवशी जे आलंय तेवढंच मार्करने लिहिलेलं असतं. मेन्यूकार्ड वगैरे भानगड नाही.

पगार झालेला होता म्हणून बसल्या बसल्या सुरमई थाळी सांगितली. तर खानावळ चालवणाऱ्या मावशी आतून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज सुरमय नको घेव रे, बर्फातली हा. बांगडो सकाळचो हा, तो घे."

सुरमई थाळी ४५० ची, बांगडा थाळी २२० ची. स्वतःच्या गल्ल्यातले सरळ २३० रुपये कमी करून बाई मला सांगतायत की ते घेऊ नको हे घे. गेली वीसेक वर्षं जातोय तिथे आणि दर वेळी हे ऐकलं की मला तितकंच भरून येतं. कुठल्याही हॉटेलचं रेटिंग बघण्यापेक्षा मला हे एक वाक्य पुरतं.

थाळी आली. एक तळलेला बांगडा, वाटीत बांगड्याचंच तिखलं म्हणजे तिखट रस्सा, दोन तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी, कांदा आणि लिंबाची फोड. तिखल्यात तिरफळं होती, म्हणजे झालंच. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तिरफळ म्हणजे मसाल्यातलं एक छोटं फळ, ते चावायचं नसतं, जरा ठेचून रश्शात सोडतात आणि खाताना बाजूला काढून ठेवतात, चुकून दाताखाली आलं तर जीभ बधिर होते. पण बांगडा, तारली असल्या तेलकट माशांचा उग्र वास तेच मारतं आणि रश्शाला जो एक थंड, लिंबाच्या सालीसारखा वास येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही. पापलेटच्या आमटीत मला तिरफळ अजिबात आवडत नाही, पण बांगड्यात ते नसेल तर ते तिखलं कसलं, नुसता लाल रस्सा.

तळलेला बांगडा पण असा की वरचं तांदळाचं पीठ कुरकुरीत आणि आतला मासा काट्यापासून अलगद सुटतो. शिळा बांगडा असा सुटत नाही, त्याचा भुगा होतो. बाबांनी मला लहानपणी हेच शिकवलं होतं, मधला काटा शेपटीकडून उचलायचा, अख्खा वर आला की समजायचं मासा ताजा आहे. काल अख्खा आला.

मग वर मांदेली फ्राय मागवली, ८० रुपये प्लेट, ती काट्यासकट कडाकडा खायची. शेजारच्या टेबलावर बोंबील चालले होते तेही बघत होतो, इथे बोंबील वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढतात आणि मगच तळतात, त्यामुळे ते चपटे आणि मस्त खरपूस होतात. पण पोटात जागा नव्हती. सोलकढी मात्र दोनदा घेतली, दुसरी वाटी न मागता येते.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या पार्टीला एका मोठ्या एसी हॉटेलात गेलो होतो. तिथे सुरमईचा एकच तुकडा ७०० ला, वर मसाल्याचा इतका जाड थर की खाली सुरमई आहे की रावस कळेना. महाग मासा बिघडवायला सोपा कारण नावावरच खपतो. बांगडा स्वस्त, त्याला लपायला जागाच नाही, म्हणून खानावळीची परीक्षा मी बांगड्यावर करतो.

बाबा कुडाळकडचे. १९७० ला मुंबईत गिरणीत लागले, गाळ्यात गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला महिन्याच्या बोलीवर ही खानावळ. तेव्हा मावशींच्या सासूबाई चालवायच्या, घरातच, चूल एका कोपऱ्यात आणि पंगत दुसऱ्या. गिरणगावात अशा किती बायका होत्या, कामगारांना जेवू घालणाऱ्या, आणि सामानासाठी पैसे उचलायचे तर सावकार किंवा वाणी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मला हे फार मोठं काम वाटतं आणि आपण त्याबद्दल फार कमी बोलतो. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बाबा सांगायचे, पगार बंद, खानावळीची बाकी थकलेली, तरी म्हाताऱ्या बाईंनी ताट बंद केलं नाही, फक्त तळलेला मासा जाऊन सुकटीचं कालवण आलं. बाबांनी ती बाकी पुढे दोन वर्षं फेडली. शेवटपर्यंत त्या बाईंचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलायचा.

सुकट अजूनही मिळते तिथे, पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासे अंडी घालतात तो काळ, तेव्हा बोर्डावर सुका जवळा, सोडे, सुके बोंबील आणि कधी खाडीचे खेकडे. काही लोक तेव्हा पण पापलेट आहे का विचारतात आणि मावशी सरळ नाही म्हणतात. कोल्ड स्टोरेजमधलं आणून विकता आलं असतं, पण नाही.

निघताना बिल ३०० झालं. मावशींना म्हटलं तिखलं आज जबरदस्त होतं, तर म्हणाल्या, "शुक्रवारी ये, तारली येतली."

कुणाला जायचं असेल तर दीडच्या आत पोचा, नंतर मांदेली संपते. आणि बोर्ड बघून ऑर्डर देऊ नका, आधी मावशींना विचारा.