मामा, दगडावर काही काढलेलं दिसलंय का?

जनावरांना लस टोचायची नोकरी, त्यामुळं बीडमधल्या पाटोद्याकडचा बालाघाटाचा डोंगर पायाखालचा. कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, पाहून आल्यापासून भेटेल त्या गुराख्याला मी वरचा प्रश्न विचारतो.

प्रश्न माझा नाही. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती असंच गावोगाव विचारत सडे, म्हणजे कोकणातले कातळाचे माळ, पालथे घालत गेले. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब. अशी कित्येक चित्रं गावकऱ्यांच्या रोजच्या वाटेवरची. तरी शोधाचं श्रेय मी विचारणाऱ्यालाच देईन. पाहणारे पुष्कळ असतात.

परवा एका मामांनी भर उन्हात वरल्या माळावर नेलं. "हे बगा सायेब, पांडवांनी काढलंय." काळ्या पाषाणावर चौकट, आत आडव्यातिडव्या रेघा. वाघबकरीच्या खेळाचा पट! भोवतालचा दगड ऊनपावसानं तांबूस पडलेला, रेघा मात्र आतून राखाडी. जुन्या असत्या तर त्यांच्यावरही तोच तांबूसपणा चढला असता. म्हटलं, "मामा, पांडव शेळ्या राखत होते का?" मामा मिशीत हसले, कनवटीचे खडे काढले आणि म्हणाले, "बसा." माझ्या वाघांची त्यांनी पार कोंडी केली.

आपल्याकडं चित्रं सापडत नाहीत याचं मोठं कारण मला दगडच वाटतो. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांना रेल्वेतून दिसलेले, मध्य प्रदेशातल्या चित्रगुहांचे भीमबेटकाचे डोंगर वालुकाश्माचे. मोर्शीच्या वर, सातपुड्यात, २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमींना सापडलेल्या चित्रगुहाही वालुकाश्मातल्याच. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, उघड्यावर कांद्यासारखे पापुद्रे सोडतो, रंग टिकणार कशावर? अजिंठ्याच्या चित्रकारांनीसुद्धा आधी मातीचा गिलावा चढवला, मगच कुंचला धरला. कोरावं म्हटलं तर कोकणातला जांभा मऊ. आपल्या पाषाणावर लोखंडाशिवाय कोरायचं म्हणजे फार कष्टाचं काम!

पण माणूस इथंही होता. गोदावरीच्या खोऱ्यात अश्मयुगातली हत्यारं सापडलीत. म्हणून आता प्रश्नाला शेपूट जोडलंय: नांगरताना गारगोटीच्या धारदार, पात्यासारख्या कपच्या निघतात का?

तुमच्या शिवारात निघाल्या तर पिशवीत भरून घरी नेऊ नका. जागेवरच शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. दगडावर रेघा दिसल्या तर फोटो उठावदार यावा म्हणून खडूनं गिरवू तर अजिबात नका.