मशीनले सांग ना बाबू

घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात मी शाखा डाकपाल आहे. पोस्ट म्हणजे एक खोली, लोखंडी पेटी, तारखेचा शिक्का आणि हल्ली एक मोबाईल व त्याला वायरीनं जोडलेलं बोटाचं मशीन. गाव मला पोस्टमास्तर म्हणतं, मीही नाही म्हणत नाही.

‘पैसे पडले’ ही बातमी गावात कशी पसरते, देव जाणे. डिसेंबरातल्या त्या सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच ओट्यावर म्हाताऱ्या येऊन बसलेल्या. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये खात्यात आले होते. खातं कुठल्याही बँकेत असो, आधार जोडलेलं असलं की ते पैसे आमच्याकडून काढता येतात. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली आणि पुढे ही सोय खेड्यातल्या पोस्टापर्यंत पोचली. आधार नंबर टाकायचा, बँक निवडायची, बोट ठेवायचं, नोटा मोजून द्यायच्या. तालुक्याला जायचं एसटीचं भाडं वाचतं, रोजी बुडत नाही. इंटरनेटनं गावाचं काय भलं केलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगेन.

आखराजवळच्या मावशीचा नंबर आला आणि गाडी अडली. बोटच उठेना.

तिची बोटं बघितली. वेचणी जोरात होती. पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना सारखी टोचतात. पेरं आधी चिरतात, मग घट्टे पडतात, आणि वर्षानुवर्षं कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटावर रेषा म्हणून काही उरतच नाही. त्यात थंडीनं कातडी फुटलेली. आमचे उपाय ठरलेले आहेत, ते सगळे केले. साबणानं हात धुवायला लावले, पदरानं कोरडे करवले, तळवे चोळून गरम करायला सांगितले, खोबरेल तेलाचा हात फिरवला, काच रुमालानं पुसली. अंगठा नाही, त्याच्या शेजारचं नाही, मधलं नाही. दर वेळी लाल अक्षरं.

‘बाबू, तू मले ओयखतं ना?’

‘म्हणजे काय मावशी!’

‘मंग मशीनले सांग ना, का हे माह्यंच बोट हाय मनून.’

ओट्यावर हशा पिकला. मला मात्र मनीऑर्डरचे दिवस आठवले. तिचा मुलगा पुण्याहून पैसे पाठवायचा. अंगठा शाईच्या पॅडवर टेकवायचा, मग फॉर्मवर, आणि बाजूला साक्षीदाराची सही. ठसा फरफटला तरी चालायचं, कारण ही तीच बाई आहे हे सांगणारा माणूस समोर उभा असायचा. आता मी तिला ओळखतो याला काडीची किंमत नाही. पण जुनं सगळं सोनंच होतं असंही नाही. सहीपायी चहापाणी मागणारे साक्षीदार मी पाहिलेत. मशीन लाल होतं, चहा मागत नाही.

शेवटी डाव्या हाताचं एक बोट लागलं. मी १,५०० मोजून दिले. तिनं ते कमरेच्या पिशवीत खोवले आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. नातवानं दिलेला स्मार्टफोन. ‘कालपासून हे हिरवं दिसून रायलं. वाजव बरं.’

मुलाचा आवाजी मेसेज होता. मी बटण दाबलं. ‘माय, औंदा येनं जमत नाई. अन् थे दोन एकर वावर इकून टाकू म्हनतो, गिऱ्हाईक आलं हाय.’

सगळ्या ओट्यानं ऐकलं.

मनीऑर्डरच्या तळाशी निरोपाची जागा असायची. त्या दोन ओळी आणि ५० पैशांची पोस्टकार्डं मीच वाचून दाखवायचो. एखादी ओळ बोचरी असली की ती गिळायचो, किंवा ‘बरा आहे, तुझी आठवण काढतो’ एवढंच वाचायचो. माझ्या आधीचे डाकपालही हेच करत. नियमात बसत नव्हतं, पण मला त्यात गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली तेव्हा आमच्या गावाला पत्ताही लागला नाही. मोबाईल केव्हाच घरोघरी गेला होता. पत्रं मात्र हळूहळू आटली, आणि त्यांच्याबरोबर माझी ही ओळी गिळायची सोयही गेली. आवाजातलं काय गाळणार?

मला वाटलं, आता मावशीच्या डोळ्यांत पाणी येणार. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, माईकची खूण अंगठ्यानं दाबून धरली (या काचेला तिच्या रेषांशी काही देणंघेणं नव्हतं) आणि फोन तोंडाजवळ नेला. पूर्वी उत्तर लिहायला ती माझ्यापुढे बसायची आणि मी ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’पासून सुरुवात करायचो. तिच्या मनातलं तिच्या बोलीत कार्डावर कधी उतरलंच नसेल.

‘आयक रे,’ ती म्हणाली. ‘वावर इकाले माहा अंगठा लागते. अन् माहा अंगठा तं आता मशीनलेबी सापडत नाई. एकच बोट चालते. कोनतं, थे मले अन् पोस्टमास्तरले मालूम हाय. तू पह्यले घरी ये, मंग सांगतो.’